दाजी, मोटार शाबूत होती

दाजी, मी तुम्हाला तीन माणसांसमोर ढोंगी म्हणालो होतो. वार मंगळवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. कोण कुठं उभं होतं तेही मला सांगता येईल. तो शब्द मी परत घेतला, असं मात्र सांगता येत नाही, कारण मी तो घेतलाच नाही. सवड होती. कानाच्या तपासणीनंतर तुम्ही दोन महिने आणि चार दिवस होतात. मी रोज तुमच्या दुकानावर थांबत होतो, चहा पीत होतो, डेसिबलवर बोलत होतो. तेवढं एक वाक्य राहिलं. आता तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि ते वाक्य घेऊन मी बसलो आहे.

पण रडगाणं गाणार नाही. एक तर तुम्हाला ते खपलं नसतं. दुसरं, खरं सांगतो, बीडच्या त्या तपासणीचा दिवस आठवला की मला अजून एका जागी बसवत नाही. उठून कुणाला तरी सांगावंसं वाटतं. सांगतोही. माझ्या केंद्रावर दूध घालायला येणाऱ्या सगळ्यांना सांगून झालं आहे. कॅन हातात धरून ऐकून घेतात बिचारे.

हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगतो. तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. दिंद्रुडात आणि भोवतालच्या गावांत मोटार जळाली की लोक म्हणायचे, मिस्त्रीकडं टाका. ते मिस्त्री तुम्ही. विहिरीवरची मोटार, बोअरची, पिठाच्या गिरणीची, सगळ्या तुमच्या दारात. आणि मी दूध संकलन केंद्र चालवणारा. फॅट किती, डिग्री म्हणजे दुधाचा दाटपणा किती, लिटर किती, एवढंच माझं जग. यंत्रावर जो आकडा येईल तो खरा, माणूस काय म्हणतो ते नंतर. तुम्ही मला चिडवायचात, "बापू, तुझ्या बायकोनं चहा दिला तरी तू आधी त्यात डिग्री लावून बघत असशील."

तुमची कामाची एक रीत होती. मोटार चालू करायची, हातभर लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक बेरिंगच्या झाकणावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटायचे. मग म्हणायचात, "मागची गेली. पुढची चांगली हाय, तिला हात लावू नका." उघडून बघितलं की तेच निघायचं. एक वर्ष मी मोजलं होतं. एकतीस मोटारींपैकी तीस बरोबर. एकतिसाव्या मोटारीवरून आपला वाद होता. तुम्ही म्हणायचात, "ती बी बरोबरच होती. तूच मागची-पुढची उलटी लिहिलीस." मी म्हणायचो, माझ्या वहीत चूक होत नाही. तो वाद तसाच राहिला. आज मी तुमच्या बाजूनं जरा झुकलो आहे, एवढंच म्हणतो.

तुमच्या लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं मला आठवतात. तेव्हा पेचकसाची मूठ तुम्ही कानाच्या भोकाशी धरायचात. नंतर कधीतरी ती कानामागच्या हाडावर गेली. मी विचारलं होतं, "दाजी, जागा कावून बदलली?" तुम्ही म्हणालात, "हितनं साफ येतंय." मी बरं म्हणालो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागलो. अख्खा रोग तुम्ही त्या तीन शब्दांत सांगितला होता. आकडा नव्हता म्हणून मी तो ऐकला नाही.

मग आक्काच्या तक्रारी सुरू झाल्या. हाक मारली तर वळून बघत नाहीत. काही विचारलं तर दुसरंच उत्तर. आधी ती हसून सांगायची, मग हसणं गेलं. मला ती एकदा म्हणाली, "यांना ऐकू येत न्हाई, का माझं ऐकायचंच न्हाई, हे मला कुणीतरी सांगा रे." तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "येत न्हाई बाबा नीट." पण तेही इतक्या हळू म्हणायचात की कुणाचा विश्वास बसू नये.

आणि मग तो मंगळवार. मी मागच्या बोळातून आलो तर आक्का मोरीत बसलेली. घसरून पडली होती, उजवं मनगट सुजून वर आलेलं. म्हणाली, "वीस मिनटं झाली हाका मारतेय." भिंतीपलीकडंच तुमचं दुकान. मी पुढं आलो. मोटार चालू होती. पेचकस कानामागं लावून तुम्ही उभे, समोर तीन गिऱ्हाइकं, आणि त्यांच्याशी तुमचं व्यवस्थित बोलणं चाललेलं. मोटार कधी चालू केली ते मी गिऱ्हाइकांना विचारून घेतलं. पाच मिनिटं झाली होती. गिऱ्हाइकंही तेव्हाच आलेली. त्याआधीची पंधरा मिनिटं दुकान शांत होतं आणि तुम्ही एकटे होतात. एवढा हिशोब मनात झाला आणि माझं डोकं फिरलं.

"मोटारीतलं बारीक बारीक ऐकू येतंय, एवढ्या गोंगाटात गिऱ्हाईक ऐकू येतंय, आन बायको बोंबलून मेली तरी ऐकू येत न्हाई? ढोंग हाय हे तुमचं!"

तुम्ही बटण बंद केलं. "मला न्हाई आलं ऐकू, बापू," एवढंच म्हणालात, नेहमीसारखं हळू.

"बघा! बहिरा माणूस असा बोलतो का? बहिरा माणूस वरडतो," मी त्या तिघांकडं बघून म्हणालो. साक्षीदार असल्यासारखं त्यांच्याकडं बघितलं. मला ते बघणं आठवतं.

आक्काचं मनगट प्लास्टरमध्ये सहा आठवडे होतं. आपलं बोलणं बंद होतं अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत एकदा माझ्या केंद्रावरच्या कूलरची मोटार बसली. आत चारशे लिटर दूध. मी दुसऱ्या मिस्त्रीला फोन लावत होतो तेवढ्यात तुम्हीच दारात, आक्कानं सांगितलं म्हणून. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. पेचकस लावलात, मोटार खोललीत, बेरिंग बदललीत आणि जाताना माझ्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून गेलात, "पुढची होती. बदलली. दूध चांगलं आहे." ते पान मी फाडलेलं नाही. तेव्हा आभार मानले नाहीत, ते आता मानतो.

तपासणीला आक्कानं पाठवलं. तुम्हाला म्हणाली, बीडला जाऊन कान दाखवा. मला म्हणाली, "तू जा संगं. तू आकडेवाला. मला एवढंच सांग येऊन, येत न्हाई का ऐकत न्हाईत." मी लगेच तयार झालो. माझ्या मनात काय होतं ते आज लिहितो: मी तुम्हाला पकडायला आलो होतो. खिशातल्या डायरीत तीन पुरावे लिहिलेले होते. मोटारीतला बारीक आवाज ऐकू येतो. गोंगाटात माणसाचं बोलणं ऐकू येतं. स्वतः हळू बोलतात. यंत्रापुढं ढोंग टिकणार नाही, अशी माझी खात्री होती.

डॉक्टरांनी आधी कानात बत्ती घालून बघितलं. म्हणाले, "पडदे दोन्हीकडचे उत्तम." मी डायरीत लिहिलं, पडदे उत्तम, आणि खाली दोन रेघा मारल्या. मग त्यांनी चिमट्यासारखा एक लोखंडी काटा काढला, कोपरावर आपटला आणि तुमच्या कानासमोर धरला. तुम्ही मान हलवली, काही नाही. तोच काटा पुन्हा आपटून त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं, तर तुमचा चेहरा उजळला. "आता वाजतंय की!" डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. म्हणाले, आलेख काढून आणा.

आतल्या खोलीत काचेची एक खिडकी. पलीकडं तुम्ही, कानावर हेडफोन, हातात बटण. अलीकडं तपासणी करणारी मॅडम, वय असेल अठ्ठावीस-तीस, आणि तिच्या शेजारी स्टूलवर मी. तिनं बसू दिलं, म्हणाली फक्त बोलू नका. ते मला जमलं नाही.

दाजी, काय सुंदर काम होतं ते! एक एक सूर द्यायचा. तुम्हाला ऐकू आला की बटण, माझ्यासमोर दिवा लागणार. दिवा लागला की मॅडम आवाज दहानं खाली आणायची, नाही लागला की पाचनं वर. खाली दहा, वर पाच, खाली दहा, वर पाच, असं करत माणसाच्या ऐकण्याच्या अगदी कडेवर जाऊन थांबायचं. फॅट काढताना आपण एवढी काळजी घेत नाही. आणि आलेख आपल्या सगळ्या तक्त्यांच्या उलटा. आकडा वाढेल तसं खाली जायचं. उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली.

तुमचा उजवा कान साठाला आला. साठ डेसिबल म्हणजे समोरच्यानं खणखणीत बोललं तर कुठं कानापर्यंत काहीतरी पोचणार. डावा पंचावन्न. मी न राहवून विचारलं, "मॅडम, माणूस मुद्दाम बटण दाबत नसेल तर?"

तिनं मान न वळवता सांगितलं, "काका, सूर कधी येणार हे त्यांना माहीत नसतं. मध्ये मध्ये मी गप्प बसते. ढोंग करणाऱ्याला दरवेळी त्याच पायरीवर थांबता येत नाही. बघा." आणि तिनं तोच सूर परत घेतला. साठ. आणखी एकदा घेतला. साठ. एकाच दुधाचं फॅट तीनदा काढून तीनदा तेच आलं तर मी सही करतो.

मग ती आत गेली आणि तुमचे हेडफोन काढून कानामागं काडेपेटीहून लहान असं एक काळं चौकोनी यंत्र बसवलं, वर डोक्यावरून पोलादी पट्टी. दार उघडंच होतं म्हणून मला ऐकू आलं.

"ताई, हितं तर मी रोज पेचकस लावतो."

"कसला पेचकस?"

तुम्ही हातानं करून दाखवलंत. टोक मोटारीवर, मूठ हाडावर. ती पोरगी एवढ्या मोठ्यानं हसली की बाहेरचा शिपाई डोकावला. "काका, मग तुम्ही ही तपासणी कित्येक वर्षं घरीच करताय की!"

दार लागलं. पुन्हा सूर सुरू. चाळीस, दिवा. तीस, दिवा. वीस, दिवा. दहा, दिवा! मी उभा राहिलो. "मॅडम, मशीन बिघडलं." साठ डेसिबलचा माणूस दहाला बटण दाबतो म्हणजे काय? माझ्या केंद्रावर असं झालं असतं तर मी यंत्र धुऊन घेतलं असतं.

तिनं मला खाली बसवलं आणि कागदावर कान काढून दाखवला. आवाज बाहेरून येतो, पडद्यावर आदळतो, पडद्यामागं तीन चिमुकली हाडं असतात, ती हलतात आणि आवाज आतल्या गोगलगायीसारख्या वेटोळ्यात जातो. खरं ऐकणं त्या वेटोळ्यात. ही झाली हवेची वाट. पण कवटीचं हाडच हलवलं, तर पडदा नको, ती तीन हाडं नकोत, थेट वेटोळं हलतं. ही हाडाची वाट. "दोन्ही वाटांनी सारखंच कमी ऐकू आलं तर बिघाड आत आहे. हाडानं चांगलं आणि हवेनं कमी, तर आतलं शाबूत, वाट अडलेली. यांचं अंतर पन्नास आहे."

साठ वजा दहा. मी तो पन्नास डायरीत लिहिला आणि भोवती गोल काढला. चार-पाच वर्षं ज्या गोष्टीवर घरात भांडणं झाली ती एका वजाबाकीत समोर आली होती. आणि डोक्यात लगेच दुसरी गोष्ट आली. ज्याला ढोंग करायचं आहे तो हाडाचा आवाज आला तरी बटण दाबणारच नाही! दहाला बटण दाबणारा माणूस खराच असणार.

मॅडम म्हणाली, थांबा, अजून झालं नाही. कवटी एकच आहे. उजवीकडं हलवली तरी डावीकडचं वेटोळंही हलतं. मग ऐकलं कुठल्या कानानं? मी म्हणालो, "म्हणजे दोघांचं दूध एकाच बादलीत पडलं, आता फॅट कुणाचं?" ती म्हणाली, बरोबर. म्हणून ज्या कानाची तपासणी नाही त्यात खळखळाट सोडून त्याला गुंतवून ठेवायचं, आणि मग दुसऱ्याचं मोजायचं. तसं करून उजवा दहा राहिला, डावा पंधरा आला. फक्त दोन हजार हर्ट्झच्या सुराला दोन्हीकडं थोडा खड्डा. तो बघून तर ती खूशच झाली. म्हणाली, असा खड्डा या आजारात बरेचदा दिसतो.

तुम्ही बाहेर आलात ते कपाळ पुसत. "एका कानात गिरणी चालू केली या बाईनं, आन म्हणती दुसऱ्या कानात मुंगी चालली का सांगा."

डॉक्टरांनी आलेख बघून सांगितलं. तीन हाडांतलं शेवटचं, घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचं, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. ते हळूहळू जागेवर घट्ट बसलं आहे. हलत नाही, म्हणून आवाज पुढं जात नाही. मी तुमच्या कानाशी ओरडून सगळं परत सांगितलं. तुम्ही दोन्ही हात मांडीवर आपटलेत.

"म्हंजी मोटार जळली न्हाई! बेरिंग जाम हाय!"

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

तुमचा तो चेहरा, दाजी! तुम्हाला वाटत होतं की आतलं सगळं जळून गेलं. ते एवढी वर्षं कुणाला बोलला नव्हतात.

मी मात्र अजून डायरी धरून होतो. आलेखाची प्रत घ्यायला गेलो तेव्हा मॅडमला म्हणालो, हे सगळं खरं, पण मग याचं काय? आणि तीन पुरावे वाचून दाखवले. मोटारीच्या आवाजाचं तिनं सांगायचीही गरज नव्हती, ते वाचतानाच माझा आवाज उतरला. गोंगाटाचं म्हणाली, "गोंगाटात आपण सगळे आवाज चढवतो. तुमच्या-माझ्या कानाला गोंगाट त्रास देतो. यांच्यापर्यंत गोंगाट निम्माही पोचत नाही, चढवलेलं बोलणं मात्र पोचतं. म्हणून यांना दुकानात ऐकू येतं आणि घरात येत नाही." आणि हळू बोलणं? "स्वतःचा आवाज हाडातून येतो ना काका. त्यांना स्वतःचं बोलणं मोठं वाटतं, म्हणून ते हळू बोलतात. असं हळू बोलणं हेच तर या आजाराचं लक्षण आहे."

तिन्ही पुरावे खरे होते. मी ते नीट बघितले होते, नीट लिहिले होते. फक्त ते तुमच्या बाजूचे होते.

परतीच्या एसटीत वडवणी, तेलगाव जाईपर्यंत मी थांबलो नाही. हवेची वाट, हाडाची वाट, खळखळाट, खड्डा. खिडक्या खडखडत होत्या म्हणून मी ओरडून बोलत होतो, आणि म्हणूनच तुम्हाला सगळं ऐकू येत होतं. तेही मला दहा किलोमीटरनंतर सुचलं आणि मी तेही ओरडून सांगितलं. पुढच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "आरं, त्यांना आलं असंल ऐकू, आता आमाला सोड." तुम्ही पोट धरून हसलात. मग मला विचारलंत, "आता पटलं का, बापू?"

मी म्हणालो, "आकडे तसं सांगतात."

आकडे. मी नाही. तेव्हाच कळलं होतं की चुकीचं बोललो. पण तुम्ही मान डोलावलीत, जणू माझ्यासारख्याकडून एवढं मिळालं ते पुष्कळ, आणि मी तेवढ्यावर भागवलं.

आक्काला सांगितलं, "ऐकू येतच नव्हतं, आक्का. खरं हाय." ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

पुढचे दिवस मजेचे गेले. कानातलं मशीन आलं. पहिल्याच दिवशी तुम्ही घरात आलात, उभे राहिलात आणि म्हणालात, "ह्या फ्रिजचा कॉम्प्रेसर बिघडत चाललाय. कावून सांगितलं न्हाई?" आक्का म्हणाली, "तीन वर्सं झाली असंच घुरघुरतंय." ऑपरेशन करायचं का नाही यावर आपली खडाजंगी सुरू होती. डॉक्टर म्हणाले होते, ते घट्ट झालेलं हाड काढून कृत्रिम बसवता येतं. मी फायद्या-तोट्यांचा तक्ता केला होता. तुम्ही म्हणत होतात, उन्हाळ्यातलं मोटारीचं काम उरकू दे, मग बघू. "बेरिंग बदलायला मिस्त्री चांगला पायजे. मी त्याला आधी माझी एक मोटार खोलायला लावणार." तक्ता अजून माझ्याकडं आहे. एक रकाना रिकामा आहे, तिथं तुमचं मत लिहायचं होतं. मशीन तुम्ही एकोणचाळीस दिवस वापरलंत. मग छातीनं दगा दिला, आणि तिथं कुठलीही वजाबाकी चालली नाही.

त्या तीन गिऱ्हाइकांपैकी दोघं गावातलेच. तुमच्या तेराव्याला आले होते. जेवणं झाल्यावर मी दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, त्या दिवशी मी मिस्त्रींना जे बोललो ते खोटं होतं. एक म्हणाला, आमाला ठाऊक होतं. तिसरा मांजरसुंब्याच्या एका ढाब्याचा मालक, तुमचं नाव ऐकून तेवढ्या लांबून मोटार घेऊन आलेला. तुमच्या दुकानातल्या भिंतीवर त्याचा नंबर खडूनं लिहिलेला सापडला. फोन केला. त्याला मी आठवत नव्हतो, माझं ओरडणंही आठवत नव्हतं. "मिस्त्री? हां, पेचकसवाले! मागची बेरिंग म्हणाले, मागचीच निघाली. अजून चालूय मोटार. कसे हायेत?" मी सांगितलं. पलीकडं नुसता तव्यावरच्या उलथण्याचा आवाज येत राहिला.

माझं चुकलं, दाजी. आकड्यांचं नाही, माझं. तुम्ही सांगितलं होतं की ऐकू येत नाही, आणि मी तुमचं ऐकलं नाही.

आता परवाचं सांगतो. हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं, नाहीतर तुम्ही कधीच सांगितलं असतं.

परवा आक्काकडं गेलो तर ती तुमचं मशीन फडक्यात गुंडाळत होती. म्हणाली, "बापू, तू म्हणालास ते सगळं पटलं. पण एक न्हाई पटलं. रोज जेवताना मी विचारायची, भाजी कशी झाली. समोर बसून, हातभर अंतरावरून. एकदा बी उत्तर न्हाई. मग सोडलं विचारायचं. मशीन आल्यावर परत विचारावं म्हणलं, तर जेवायला बसले की आधी मशीन काढून ठेवायचे. म्हंजी माझं ऐकायचंच नव्हतं ना?"

पुरावा तर पुन्हा तुमच्या विरुद्धच दिसत होता, पण यावेळी मी निकाल दिला नाही. बाहेर ओट्यावर येऊन बीडला मॅडमला फोन लावला. तिला तुमची जेवायची सवय सांगायला लागलो तेव्हा ती मध्येच म्हणाली, "काका, ते जेवताना कांदा, पापड, शेंगदाणे असं काही खायचे का?" मी म्हणालो, कांद्याशिवाय घास जात नव्हता. "मग झालं. चावण्याचा आवाज जबड्याच्या हाडातून सरळ वेटोळ्यात जातो, पूर्ण जोरानं. बाहेरचं बोलणं येणार पन्नास डेसिबलनं कमी होऊन. ते चावत असताना समोरचं काही ऐकू येणं शक्यच नाही. आणि कानात मशीन घातलं की तीच कचकच आणखी घुमते, म्हणून पुष्कळ लोक जेवताना काढून ठेवतात."

दाजी, मी ओट्यावरून उडीच मारली! आत पळत गेलो. आक्काला खाली बसवलं, एक कांदा दिला, दोन्ही कानांत बोटं घालायला लावली आणि चाव म्हणालो. ती चावत असताना मी हळूच विचारलं, भाजी कशी झाली. तिनं बोटं काढून विचारलं, "काय म्हणलास?"

"हेच," मी म्हणालो. "हेच होतं त्यांचं. रोज."

ती कांदा हातात धरून बसून राहिली. डोळ्यांत पाणी, पण ते कांद्याचं का कसलं, ते मी विचारलं नाही. मग म्हणाली, "म्हंजी आवडत होती का नव्हती, ते कळायचं राहिलंच की रे."

याचा आलेख कुणी काढत नाही. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि मग जे माझ्याकडं होतं ते सांगितलं. पुरावा म्हणून नाही, आता ती हिंमत नाही. फक्त मोजलेलं होतं ते.

"आक्का, दाजी माझ्या घरी जेवायला आले की दोन भाकरी खायचे. कधीच तिसरी न्हाई. हितं तुझ्या हातच्या चार खायचे."

"तू मोजत होतास?"

"सवय हाय."

तिनं पदरानं तोंड पुसलं, उरलेला कांदा ताटलीत ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं जसं मी दुधात चुकीची डिग्री लावली आहे.

"चार ज्वारीच्या," ती म्हणाली. "बाजरीच्या असल्या की पाच."